पांढरी पडलेली खुर्ची: मळ किती, झीज किती

‘चार महिने पावसात राहिली, म्हणून खुर्ची खराब झाली,’ असं आपण सहज म्हणतो. पावसाचा यात फारसा दोष नसतो. अंगणात, गच्चीवर दिसणाऱ्या बहुतेक साध्या खुर्च्या पॉलिप्रॉपिलीनच्या असतात; उलटी करून पाहिलीत तर खाली बऱ्याचदा त्रिकोणात 5 हा आकडा सापडेल. हे प्लास्टिक पाणी जवळजवळ शोषतच नाही. त्याचा खरा वैरी ऊन. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून त्याच्या लांबलचक रेणूसाखळ्या तोडतात. त्याला आळा घालणारी रसायनं कारखान्यात मिसळता येतात, पण तीही वर्षागणिक संपत जातात. पाऊस फक्त सुटलेली पूड धुऊन नेतो आणि शेवाळाला ओल पुरवतो.

खुर्चीवर हात फिरवला की बोटांना लागणारी पांढुरकी पूड हा मळ आहे, हा दुसरा गैरसमज. वरचं प्लास्टिक उन्हाने झिजतं आणि त्यात मिसळलेले रंगकण व भर म्हणून घातलेले खडूसारखे पदार्थ उघडे पडतात. पूड ती त्यांची. म्हणून घासल्यावर खुर्ची ओली असेपर्यंत छान दिसते आणि वाळली की पुन्हा फिकी. खरा मळ एकदा गेला की लगेच परत येत नाही. ओळखायची सोपी खूण हीच.

मळासाठी भांड्यांचा साबण, कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. काळी बुरशी किंवा हिरवं शेवाळ असेल तर घरगुती ब्लीच, एका भागाला दहा भाग पाणी, दहाएक मिनिटं ठेवून भरपूर पाण्याने धुवावं. हातमोजे घालावेत, काम उघड्यावर करावं. इथे एक समज मात्र जिवावर बेतणारा आहे: ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर मिसळला की दुप्पट स्वच्छ होतं. आम्लयुक्त क्लीनर ब्लीचला भेटला की क्लोरीन वायू सुटतो. व्हिनेगरनेही तेच होतं, आणि अमोनिया असलेल्या क्लीनरमुळे दुसरे विषारी वायू तयार होतात.

तारेची घासणी तर नकोच. तिने पडणाऱ्या बारीक चरांत पुढची धूळ आणि शेवाळ आणखी घट्ट बसतं.

इंटरनेटवरच्या व्हिडिओंमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलेलं पिवळं प्लास्टिक पांढरंशुभ्र झालेलं दिसतं. त्यात खोटं काही नाही, पण ते जुन्या संगणकांचं एबीएस प्लास्टिक असतं. आपल्या खुर्चीचं दुखणं वेगळं: तिथे वरचा थरच झिजलेला आहे, आणि पेरॉक्साइडने तो परत येत नाही. वर उन्हात ठेवायची म्हणजे दुखण्यालाच खाऊ घालणं. खोबरेल तेलाने किंवा गाडीच्या पॉलिशने रंग खुलतो, कारण खरखरीत पृष्ठभागावरचे खड्डे भरले की उजेड कमी विखुरतो. पाहुणे येणार असतील त्या दिवसापुरतं ठीक. तेलावर धूळ मात्र चटकन बसते. गरम हवेच्या गनने वरचा थर वितळवूनही रंग गडद दिसतो. पण पॉलिप्रॉपिलीन 160 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, हात जरा रेंगाळला की पाठ वाकडी.

रंगकाम करता येतं का? येतं, आणि माझ्या मते चांगल्या खुर्चीसाठी हाच उपाय करण्याजोगा आहे, कारण अपारदर्शक रंगाचा थर ऊनही अडवतो. मात्र या प्लास्टिकवर साधा रंग धरत नाही, महिन्याभरात पोपडे निघतात. आधी बारीक पॉलिश पेपरने, पाणी घालत, मेलेला थर काढायचा. कोरडं घासलं तर प्लास्टिकची भुकटी घरभर उडते. मग पॉलिप्रॉपिलीनला चालणारा प्लास्टिक प्रायमर, त्यावर रंगाचे पातळ हात. तेल लावलेली खुर्ची असेल तर पूर्वतयारीत दुप्पट वेळ.

पण रंगवण्याआधी खुर्ची उलटी करा. ‘वरून फिकी झाली, आतून मजबूत आहे’ हा सगळ्यांत महागात पडणारा समज. झीज पृष्ठभागाच्या पातळ थरातच असते हे खरं, पण तो थर ठिसूळ होऊन तडकतो आणि वजन पडलं की तडा आतल्या चांगल्या प्लास्टिकमध्ये उतरतो. पाय बैठकीला मिळतो तो कोपरा आणि पाठीची मुळं नीट पाहा. तिथे जाळीसारख्या बारीक रेघा दिसल्या, किंवा पाय हाताने दाबल्यावर कट्ट आवाज आला, तर रंग लावणं म्हणजे तडा झाकणं. अशा खुर्चीवर चढून पंखा पुसणं तर सोडाच, बसूही नये.

पाय जोडून घेण्याचा मोह होतो. फ्रान्समध्ये 1972 साली आंरी मासोने यांनी आणलेल्या ‘फोतय 300’ या खुर्चीपासून चालत आलेली पद्धत अशी की अख्खी खुर्ची एका साच्यात एकसंध ओतायची. त्यामुळे ती स्वस्त झाली, पण पाय सुटा बदलता येत नाही. झटपट गोंद या प्लास्टिकला धरत नाही. तापलेल्या सळईने किंवा तारेने सांधलेला तडा कुंडी ठेवण्यापुरता टिकतो, माणसाच्या वजनाला नाही.

अशी खुर्ची भंगारात द्यावी. देताना तडकलेला पाय आपणच मोडून टाका, नाहीतर कुणीतरी ती धुऊनपुसून पुन्हा बसायला घेईल.