रत्नागिरीच्या पाव भागात मावणारा देश

तुम्ही रत्नागिरीत राहत असाल तर आज पायाखालचा दगड जरा नीट बघा. वर असतो लालसर, भोकाभोकांचा जांभा. आपली घरं जांभ्याची, गडगे जांभ्याचे. पण विहीर खूप खोल गेली किंवा ओढ्यानं आपलं पात्र खोल कापलं की खाली लागतो काळा, टणक कातळ. हा कातळ म्हणजे थंड झालेला लाव्हा, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. जांभाही त्याच्यापासूनच झाला. पावसानं आणि उन्हानं लाखो वर्षं त्या कातळातली विरघळणारी द्रव्यं धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागं उरलं आणि लोह गंजून लाल झालं.

आता ऐका. ज्या आगीतून हा कातळ वर आला, ती आग अजून विझलेली नाही! ती आता आपल्या खाली नाही, इतकंच. ती आपल्यापासून साडेचार हजार किलोमीटरहूनही दूर दक्षिणेला, हिंदी महासागराच्या तळाखाली आहे. आणि तिनं तिथं एक अख्खा देश घडवला आहे. त्याचं नाव मॉरिशस.

हे घडलं कसं? पृथ्वीच्या पोटात काही ठिकाणी फार खोलवरून तापलेला खडक सतत वर येत राहतो. अशा जागेला तप्तस्थळ म्हणतात. तप्तस्थळ जवळपास जागच्या जागी असतं, पण त्याच्यावरचं भूकवच सरकत असतं. पेटत्या निरांजनावरून एक पुठ्ठा हळूहळू सरकवत नेला तर पुठ्ठ्यावर एकामागोमाग एक काळे डाग पडतील ना? (करून बघायचं असेल तर घरातलं मोठं माणूस शेजारी हवंच.) भारत असाच त्या आगीवरून उत्तरेकडे सरकत गेला. पहिला आणि सगळ्यांत प्रचंड डाग म्हणजे आपलं दख्खन: कोकण, सह्याद्री, महाराष्ट्राचा बहुतेक सगळा भाग. मग लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस. तिथला लाव्हा आता प्रवाळांखाली गाडला गेला आहे. पुढे समुद्रतळाची एक लांबलचक भेग त्या आगीच्या डोक्यावरून गेली आणि डाग भेगेच्या पलीकडे पडू लागले. तिथं सुमारे ८०-९० लाख वर्षांपूर्वी समुद्रातून वर आलं मॉरिशस. आज ती आग त्याच्या शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे. तिथला ‘पितों द ला फुर्नेझ’ हा जगातल्या सर्वांत जागत्या ज्वालामुखींपैकी एक. म्हणजे आपला कातळ थोरला, मॉरिशस धाकटं आणि रियुनियन शेंडेफळ!

भूशास्त्रज्ञांना मॉरिशसमध्ये आणखी एक कोडं सापडलं. तिथल्या लाव्हाच्या खडकात झिरकॉन नावाच्या खनिजाचे सूक्ष्म कण मिळाले आणि त्यांचं वय निघालं जवळपास ३०० कोटी वर्षं! २०१७ साली जोहान्सबर्गचे शास्त्रज्ञ लुईस ॲशवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे जाहीर केलं. ८०-९० लाख वर्षांच्या बेटावर ३०० कोटी वर्षांचे कण आले कुठून? भारत आणि मादागास्कर एकमेकांपासून तुटले तेव्हा जुन्या भूखंडाचा एक तुकडा मध्येच राहिला, तो लाव्हाखाली झाकला गेला आणि वर येताना लाव्हानं त्याचे कण सोबत आणले, असं त्यांचं म्हणणं. त्या हरवलेल्या तुकड्याला ‘मॉरिशिया’ म्हणतात.

हा देश केवढासा आहे माहीत आहे? आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचं क्षेत्रफळ ८,२०८ चौरस किलोमीटर. मॉरिशसचं, सगळी बेटं धरून, सुमारे २,०४०. म्हणजे आपल्या जिल्ह्यात तो देश चार वेळा मावेल. मुख्य बेट साधारण ६५ किलोमीटर लांब आणि ४५ किलोमीटर रुंद. लोक साडेबारा लाखांच्या आसपास. आपल्या जिल्ह्यात २०११च्या जनगणनेतच १६ लाखांहून जास्त माणसं होती. आणि हा योगायोग बघा: आपल्याकडे तालुके नऊ आणि मुख्य मॉरिशस बेटावर जिल्हेही नऊच.

पण एवढ्याशा बेटावर काय काय आहे! सर्वांत उंच शिखर ८२८ मीटर. मधोमध पठार आणि त्यावर विझलेल्या ज्वालामुखींची तोंडं. त्यातल्या एका तोंडात तळं झालंय. त्याला तिथले लोक गंगा तलाव म्हणतात आणि महाशिवरात्रीला लाखो माणसं तिथं चालत जातात. बेटाच्या जवळजवळ सगळ्या बाजूंनी समुद्रात प्रवाळांची भिंत आहे. मोठ्या लाटा त्या भिंतीवरच फुटतात, म्हणून आतलं पाणी शांत आणि उथळ. आपल्या मांडवीची वाळू काळी, कारण ती काळ्या कातळाच्या चुऱ्याची. मॉरिशसचा कातळही काळाच, मग तिथल्या बहुतेक किनाऱ्यांवरची वाळू पांढरी का? कारण ती खडकाची नाही, प्रवाळांच्या आणि शंखशिंपल्यांच्या चुऱ्याची आहे.

मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला, २० अंशांवर. आपण उत्तरेला, १७ अंशांवर. त्यामुळे ऋतू उलटे. आपण स्वेटर शोधतो तेव्हा तिथं ऐन उन्हाळा, आणि आंबा पिकतो नाताळाच्या सुमाराला! पाऊससुद्धा वेगळ्या बाजूनं येतो. कोकणात ढग पश्चिमेकडून येतात आणि सह्याद्रीला अडतात. तिथं वारे आग्नेयेकडून येतात. म्हणून मधल्या पठारावर वर्षाला ४,००० मिलिमीटरपर्यंत पाऊस पडतो, तर पश्चिम किनाऱ्यावर हजाराच्याही आत. वादळंदेखील उलटी फिरतात. ३ जून २०२०ला आलेलं ‘निसर्ग’ चक्रीवादळ दापोली-मंडणगडची मुलं विसरली नसतील. ते घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं फिरत होतं. मॉरिशसला धडकणारं वादळ काट्यांच्या दिशेनं फिरतं. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे वाहता वारा उत्तर गोलार्धात उजवीकडे आणि दक्षिण गोलार्धात डावीकडे वळतो. त्याचा हा परिणाम. १९६० साली ‘कॅरोल’ वादळानं तिथली हजारो घरं भुईसपाट केली. त्यानंतर लोक पत्रा-लाकडाऐवजी काँक्रीटची घरं बांधू लागले. आज तिथं वादळाच्या इशाऱ्याच्या १ ते ४ अशा पायऱ्या आहेत आणि त्या तिथल्या लहान मुलांनाही पाठ असतात.

या बेटावर माणूस मुळात नव्हताच. होता तो डोडो, उडता न येणारा, टर्कीहून मोठा पक्षी. १५९८ साली डच आले, त्यांनी आपल्या राजपुत्राच्या, मॉरिसच्या, नावावरून बेटाला नाव दिलं. जहाजांतून उंदीर, डुकरं, माकडंही आली आणि त्यांनी जमिनीवरची अंडी फस्त केली. शंभर वर्षंही झाली नाहीत तोच डोडो संपला. मग फ्रेंच आले, १८१० साली इंग्रज आले. उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना राबवलं जाई. १८३५ साली तिथली गुलामगिरी बंद झाली आणि मळेवाल्यांनी मजूर आणले ते भारतातून, काही वर्षांच्या करारावर. १९२०पर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय तिथं उतरले.

त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोक होते, आणि त्यांतले कितीतरी आपल्या रत्नागिरीचे. शिडाच्या जहाजातून कित्येक आठवडे प्रवास करून ते पोर्ट लुईच्या बंदरात पोचले. तिथं सोळा दगडी पायऱ्या चढून जावं लागे. त्या जागेला आज आप्रवासी घाट म्हणतात आणि २००६पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. प्रत्येक माणसाला एक क्रमांक मिळे, त्याचं नाव-गाव वहीत लिहिलं जाई. त्या वह्या मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. आपल्या खापरपणजोबांचं गाव शोधायला तिथले लोक आजही त्या वह्या उघडतात. मला हे फार मोलाचं वाटतं. ज्यांना स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, त्यांची नावं टिकली.

मळ्यात या माणसांना पहिलं काम काय करावं लागे? दगड वेचण्याचं. शेतं त्याच काळ्या कातळाच्या धोंड्यांनी भरलेली. ते वेचून त्यांनी शेताच्या मधोमध ढीग रचले. उसाच्या हिरव्या रानातून डोकं वर काढणारे ते काळे ढीग आजही दिसतात. रत्नागिरीच्या माणसानं आपल्याच कातळाचा धाकटा भाऊ साता समुद्रापलीकडे हातांनी उचलला, हे आठवलं की अंगावर काटा येतो.

आज तिथं घराघरांत क्रेओल बोलतात, वर्तमानपत्रं बहुतेक फ्रेंच, कारभार इंग्रजीत, आणि नोटांवर देवनागरी आणि तमिळ अक्षरंही छापलेली. शाळेत मराठी विषय घेता येतो. गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते, आणि गणपतीपुढे मराठी मंडळी जाखडी नाचतात. आपल्या वाडीवाडीत जी नाचतात, तीच जाखडी!

आता पोटापाण्याचं बघू. १२ मार्च १९६८ला मॉरिशस स्वतंत्र झाला. १२ मार्च हा गांधीजींच्या दांडीयात्रेचा दिवस, म्हणून मुद्दाम निवडलेला. त्या वेळी देशाच्या निर्यातीतला नव्वद टक्क्यांहून जास्त भाग एकट्या साखरेचा होता. जरा विचार करा, अख्खं घर एकाच कमाईवर. वादळ आलं, ऊस पडला की सगळा देश अडचणीत. पुढे नोबेल मिळवणारे अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी १९६०च्या सुमारास या बेटाचं भविष्य फारच अवघड असल्याचं म्हटलं होतं. पण देशानं वेगवेगळी कामं अंगावर घेतली. १९७०पासून निर्यातीसाठी खास सवलती दिल्या, कपड्यांचे कारखाने निघाले आणि हजारो बायकांना पहिल्यांदा पगार मिळाला. मग हॉटेलं, बँका, संगणकाची कामं. ऊस आजही आहे, पण त्याची चिपाडं जाळून वीजही करतात. माध्यमिक शाळा १९७७पासून मोफत, आणि २००५पासून विद्यार्थ्यांना बसही मोफत.

बेटाची अडचण मात्र संपत नाही. भात, गहू, पेट्रोल, सगळं जहाजातून यायचं. २०१९ साली तिथं सुमारे १३ लाख ८० हजार पर्यटक आले, म्हणजे लोकसंख्येपेक्षाही जास्त! पुढच्याच वर्षी कोरोनानं सीमा बंद झाल्या आणि देशाचं उत्पन्न जवळपास १५ टक्क्यांनी घसरलं. त्याच जुलैत ‘वाकाशिओ’ नावाचं जहाज प्रवाळांच्या भिंतीवर अडकलं आणि काही दिवसांनी त्यातून शेकडो टन काळं तेल निळ्या पाण्यात पसरलं. लोक थांबले नाहीत. शाळेतली मुलं, कोळी, आज्या सगळे किनाऱ्यावर आले. उसाचं पाचट पोत्यांत भरून त्यांनी लांबच लांब तरंगते बांध शिवले आणि तेल अडवलं. लोकांनी आपले केससुद्धा कापून दिले, कारण केस तेल धरून ठेवतात.

आणि एवढ्याशा देशाचं सरकार? ते पुरतं मोठ्या देशासारखं आहे. १९९२पासून मॉरिशस प्रजासत्ताक आहे. पंतप्रधान कारभार बघतात, राष्ट्राध्यक्षांची निवड संसद करते. २०१५ साली अमीना गुरीब-फकीम या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या, आणि त्या होत्या वनस्पतींच्या औषधी गुणांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञ! देशाला स्वतंत्र लष्कर नाही. रक्षणाचं काम पोलीस दलाकडे. रॉड्रिग्ज हे दूरचं बेट आपला बराचसा कारभार स्वतः बघतं, त्याची २००२पासून वेगळी सभा आहे.

निवडणूकही मजेशीर. आपला रत्नागिरी जिल्हा विधानसभेवर पाच आमदार पाठवतो. मॉरिशसचे लोक आपल्या जिल्ह्याहून कमी, पण ते संसदेत ६२ जण निवडून देतात. मुख्य बेटावर २० मतदारसंघ, प्रत्येकातून तीन जण, म्हणून प्रत्येक मतदार तीन मतं देतो. रॉड्रिग्जमधून दोघं. याशिवाय आठपर्यंत जागा हरलेल्या उमेदवारांपैकी ज्यांना चांगली मतं पडली त्यांना मिळू शकतात. देशात हिंदू, मुस्लीम, ख्रिस्ती, चिनी असे अनेक समाज. कुणी मागे राहू नये म्हणून ही सोय केली.

या सोयीचा आणखी एक उपयोग झाला, जो कदाचित कुणी योजलाही नव्हता. १९८२, १९९५ आणि २०२४ अशा तीन निवडणुकांत मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा प्रत्येक वेळी एकाच आघाडीनं जिंकल्या! मग सरकारला प्रश्न कोण विचारणार? १९८२ साली गाएतां दुव्हाल हे नेते निवडणूक हरले होते. ते अशाच एका जादा जागेवरून संसदेत आले आणि विरोधी पक्षनेते झाले. हरलेला माणूस आत गेला, म्हणून प्रश्न विचारायला कुणीतरी उरलं.