कोंड्याला पाणी, पिठाला वेळ

गोव्यात राहणाऱ्याला पोदेराची ओळख करून द्यावी लागत नाही. सकाळ-संध्याकाळ सायकलचा भोंगा वाजला की मुले पिशवी घेऊन फाटकाकडे धावतात. टोपलीत उंडे असतात, कातरे पाव असतात, कांकणे असतात आणि कोंडा भुरभुरलेली, आतून पोकळ अशी पोई असते. पोर्तुगीज १५१० साली येथे आले आणि त्यांच्यामागून पावाची भट्टी आली. 'पाव' आणि 'पोदेर' हे दोन्ही शब्द त्यांच्याच भाषेतून आपल्याकडे रुळले. आमच्या आजी-पणजीच्या काळी कित्येक हिंदू घरांत पाव वर्ज्य होता. माडाच्या सुरेने तो आंबवलेला असे, हेही त्याचे एक कारण. आज त्याच घरांत चहाबरोबर पोई नसली तर चुकल्यासारखे वाटते!

आमच्या शाळेजवळच्या वाड्यावरचा फोर्न मात्र बंद झाला. पोदेराचा मुलगा तारवटी होऊन बोटीवर गेला, सरपण महागले, आणि रात्री दोन वाजता उठून पीठ मळणारे हात मिळेनात. त्यानंतर मुलांच्या डब्यात दुकानातला पांढरा स्लाइस दिसू लागला. पालकसभेत एका आईने विचारले, "कोंड्यासकटचा पाव घरी नाही का करता येणार?" म्हणून आम्ही काही शिक्षिका, पालक आणि नववीच्या मुली गृहविज्ञानाच्या खोलीत कामाला लागलो.

पहिला पाव कसा झाला ते सांगायला लाज वाटत नाही. मैद्याच्या पावाची कृती घेतली, मैद्याऐवजी गिरणीतले गव्हाचे पीठ घातले, एवढेच. भट्टीतून निघाली ती वीट. एका विश्वस्तांनी ती हातात तोलून पाहिली आणि "नव्या वर्गखोलीच्या पायाला चालेल" असा अभिप्राय दिला.

चूक कुठे झाली हे समजण्यासाठी गव्हाच्या दाण्यात डोकावले पाहिजे. दाण्याचा साधारण ८३ टक्के भाग म्हणजे आतला पांढरा गर, त्याचाच मैदा होतो. सुमारे १४ टक्के कोंडा आणि उरलेला दोन-तीन टक्के अंकुर. तंतू, लोह, जस्त आणि 'ब' गटातली जीवनसत्त्वे कोंड्यात व अंकुरात अधिक असतात, आणि मैदा करताना हाच भाग बाजूला काढला जातो. आता पाव फुगतो कसा? गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले की त्यातली प्रथिने एकमेकांत गुंतून रबरासारखे जाळे तयार होते. त्याला ग्लुटेन म्हणतात. यीस्ट पिठातली साखर खाऊन वायू सोडते, तो या जाळ्यात अडकतो आणि पीठ वर येते. ज्वारी, तांदूळ, नाचणी यांत हे जाळे होत नाही, म्हणून त्यांची भाकरी होते, फुगलेला पाव होत नाही.

कोंड्याचे कण या जाळ्याच्या आड येतात. कोरडे असताना ते टोकदार असतात आणि ताणलेले धागे तोडतात. शिवाय कोंडा पाणी शोषतो, पण सावकाश. मळताना पीठ बरोबर वाटते आणि तासाभराने तेच घट्ट होऊन बसते. त्यात आपल्या गिरणीचे जाते पिठातला स्टार्चही बराच भरडून काढते, तोही जास्त पाणी मागतो. मैद्याच्या हिशेबाने पाणी घातल्यावर वीट होणार नाही तर काय!

हे कोडे सोडवले ते आठवीतल्या एका मुलाच्या आजीने. ती नातवाला न्यायला आली होती. आमचे पीठ बोटाने दाबून म्हणाली, "बाये, कणीक मुरूंक जाय गो!" पोळ्यांची कणीक आपण सगळ्याच जणी अर्धा तास झाकून ठेवतो, आणि पावाच्या वेळी मात्र पुस्तक उघडून बसलो होतो. मुरताना कोंडा पाणी पिऊन मऊ होतो, आणि न मळताही ग्लुटेनचे जाळे आपसूक जुळू लागते.

मग अनेक शनिवार गेले. आता जी कृती आमच्या हातात बसली आहे ती अशी. रात्री १५० ग्रॅम गव्हाचे पीठ, १५० मिलिलिटर पाणी आणि चिमूटभर इन्स्टंट यीस्ट कालवून झाकून ठेवावे, आंबोळीचे पीठ ठेवतो तसेच. पीठ चाळू नये. सकाळी त्याला बुडबुडे आलेले असतात आणि आंबूस वास येतो. दुसऱ्या भांड्यात ३५० ग्रॅम पीठ २४० मिलिलिटर पाण्यात नुसते कालवून ४० मिनिटे मुरू द्यावे. नंतर दोन्ही एकत्र करून अर्धा चहाचा चमचा यीस्ट, दीड चमचा मीठ, एक मोठा चमचा गूळ आणि दोन चमचे तेल घालून आठ-दहा मिनिटे मळावे. पीठ हाताला चिकटेल. येथेच बहुतेकांचा धीर सुटतो आणि वरून कोरडे पीठ घातले जाते. ते घालू नका, हात ओले करा. पोळीच्या कणकेपेक्षा हे पीठ स्पष्ट सैल असायला हवे.

झाकून ठेवल्यावर ते दीडपट झाले की पुरे, दुप्पट होण्याची वाट पाहू नये. कोंड्याचे जाळे तेवढा ताण सोसत नाही, जास्त फुगवले की भट्टीत खचते. मे महिन्यात याला तासभर पुरतो, पावसात दीड-दोन तास लागतात. घड्याळापेक्षा पिठाकडे पाहा. उन्हाळ्यात पाणी माठातले घ्यावे. मग पीठ गुंडाळून तेल लावलेल्या नऊ इंची डब्यात ठेवावे. पाऊणएक तासाने ओल्या बोटाने हलके दाबल्यास खळगा हळूहळू भरून आला, की आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये २२० अंशांवर १५ मिनिटे आणि १९० अंशांवर आणखी अर्धा तास भाजावे. डब्यातून काढून तळाशी टिचकी मारली की पोकळ आवाज आला पाहिजे. आणि दोन तास तरी कापू नये. मुलांना ही शिक्षा वाटते, पण गरम कापलेला पाव आत गिचका लागतो.

ओव्हन नसेल तर याच पिठाचे अर्धे बोट जाडीचे गोळे थापून, कोंड्यावर घोळवून, अर्धा तास ठेवून, जाड तव्यावर झाकण घालून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी भाजावेत. फोर्नमधल्या पोईची सर येणार नाही, पण डब्यासाठी छान होतात. पाचव्या हिश्शापर्यंत नाचणीचे पीठ मिसळले तरी चालते. पाणी मात्र चमचाभर वाढवावे.

रात्रभर आंबवण्याचा फायदा चवीपुरता नाही. कोंड्यात फायटिक आम्ल असते, ते लोह आणि जस्त धरून ठेवते व अंगी लागू देत नाही. लांब आंबवणात ते बरेच मोडते. सुरेवर सावकाश आंबवणाऱ्या जुन्या पोदेरांना हे रसायन ठाऊक नसेल, पण त्यांच्या पिठाला वेळ मिळत होता. आता सूर काढणारे रेंदेर कमी झाले आणि बहुतेक फोर्नांत यीस्टच आले. काही ठिकाणची पोई तर मैद्याचीच असते, कोंडा नुसता अंगाला लावलेला! दुकानातल्या 'ब्राउन' ब्रेडबद्दलही पालकांनी सावध असावे. वेष्टनावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. पहिले नाव मैद्याचे असेल तर तपकिरी रंग बहुधा कॅरामेलचा समजावा. मधुमेह असलेल्यांनी घरचा पाव झाला म्हणून चार तुकडे खाऊ नयेत, आणि ज्यांना ग्लुटेन सोसत नाही त्यांना हा पाव मुळीच चालणार नाही.

अंकुरातल्या तेलामुळे असे पीठ आपल्या दमट हवेत लवकर खवट होते. गिरणीतून दोन-तीन आठवड्यांपुरतेच दळून आणावे. तयार पाव फडक्यात गुंडाळून दोन दिवस राहतो. फ्रिजमध्ये तो उलट लवकर शिळा लागतो, त्यामुळे उरला तर काप करून फ्रीजरमध्ये ठेवावा आणि लागेल तसा तव्यावर शेकावा.

गेल्या महिन्यात वाड्यावरच्या त्या पोदेरालाच आम्ही बोलावून आणले. त्यांनी तुकडा मोडला, नाकाशी धरला, अंगठ्याने दाबला. आम्ही सगळ्याजणी श्वास रोखून उभ्या. "बरो जाला," ते म्हणाले, "पूण मीठ थोडें उणें." पुढच्या शनिवारी आम्ही पावणेदोन चमचे घातले.