महानगरालगतच्या राष्ट्रीय उद्यानातील बोल्डरिंग सहलीचे नियोजन : बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

प्रस्तरारोहणाचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी बोल्डरिंग हा प्रकार वरकरणी सर्वांत सोपा वाटतो. साधारणपणे चार-पाच मीटर उंचीच्या सुट्या शिळेवर किंवा कातळाच्या खालच्या भागावर दोराशिवाय केलेले आरोहण म्हणजे बोल्डरिंग होय. त्यासाठी दोर, खिळे, कडी इत्यादी सामग्री लागत नाही. २०२१ मध्ये पार पडलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये या प्रकाराचा समावेश झाला. शहरांतून कृत्रिम भिंतीही उभ्या राहिल्या आणि या भिंतींवर शिकलेला तरुण वर्ग आता नैसर्गिक खडकाकडे वळत आहे. मुंबईतील अशा तरुणांच्या दृष्टीने बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हे सर्वांत जवळचे ठिकाण होय. मुंबईचे गिर्यारोहक पूर्वीपासून कान्हेरीच्या परिसरात सरावासाठी येत आले आहेत.

तथापि हे उद्यान केवळ आरोहकांसाठी नाही. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या क्षेत्रात वन्यजीवांचा अधिवास आहे, मुंबईला पाणी पुरविणारे तुळशी व विहार हे तलाव आहेत आणि शंभराहून अधिक शैलगृहांचा कान्हेरी लेणीसमूह आहे. म्हणून येथील सहलीच्या नियोजनात 'कोणत्या शिळेवर चढावे' या प्रश्नाआधी 'कोणत्या शिळेला हात लावू नये' हा प्रश्न सोडवावा लागतो. प्रस्तुत लेखात याच दृष्टिकोनातून नियोजनाच्या प्रमुख अंगांचा विचार केला आहे.

१. खडकाचे स्वरूप

दख्खनच्या पठाराप्रमाणे या उद्यानातील खडकही ज्वालामुखीजन्य आहे. परंतु तो सर्वत्र एकसारखा नाही. कान्हेरीची लेणी ज्या खडकात कोरली आहेत, तो ज्वालामुखीय ब्रेशिया या प्रकारात मोडतो. निरनिराळ्या आकारांचे दगडी तुकडे ज्वालामुखीच्या राखेच्या सूक्ष्म द्रव्यात घट्ट बसून हा खडक तयार होतो. त्यामुळे त्याच्या पृष्ठभागावर लहान-मोठे उंचवटे व खळगे असतात आणि बोटांना पकड मिळते. मात्र बाहेर डोकावणारा तुकडा आतून कितपत घट्ट आहे, हे पाहून कळत नाही. म्हणून नव्या पकडीवर भार टाकण्यापूर्वी ती हाताने हलकेच ठोकून पाहावी. पोकळ आवाज आल्यास तो मार्ग सोडून द्यावा. पाणी मुरलेल्या खडकात पकड तुटण्याचा संभव वाढतो. कृत्रिम भिंतीवरील पकड झिजली वा तुटली तर दुसरी बसविता येते. नैसर्गिक शिळेवर तशी सोय नाही.

२. पुरातत्त्वीय मर्यादा

कान्हेरीतील कोरीव काम इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास सुरू झाले आणि पुढे अनेक शतके चालू राहिले. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. लेणे म्हणजे केवळ आतील दालन, अशी सर्वसामान्य समजूत असते. कान्हेरीत मात्र दालनांबाहेरील कातळावरही मानवी हाताचा ठसा आहे. चढण्याच्या पायऱ्या, लाकडी बांधकामासाठी घेतलेली भोके, पावसाचे पाणी वळविणारे चर आणि ते साठविणाऱ्या पोढी डोंगरभर विखुरलेल्या आहेत. भिक्षुसंघाच्या निवासासाठी ही जलव्यवस्था अत्यावश्यक होती. आरोहकाच्या नजरेला जो खळगा सोयीची पकड वाटतो, तो दोन हजार वर्षांपूर्वी छिन्नीने घेतलेला असू शकतो. म्हणून लेण्यांच्या दर्शनी भागांवर, शिलालेखांजवळ आणि चर-पोढींच्या कातळावर आरोहण सर्वथा वर्ज्य मानावे. शंका असेल, तेथे शिळा सोडून द्यावी.

हा समूह भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक अधिनियमात २०१० मध्ये दुरुस्ती झाली. तीनुसार संरक्षित स्मारकाची हानी करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

३. परवानगी

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार राष्ट्रीय उद्यानातील प्रवेश हा परवान्याने मिळतो. पर्यटन हे त्याचे एक मान्य प्रयोजन आहे. परंतु प्रवेशद्वारावरील तिकीट म्हणजे ठरलेले रस्ते सोडून कोठेही फिरण्याची मुभा नव्हे. म्हणून गटाची संख्या, तारीख, नेमके ठिकाण आणि प्रमुखाचे नाव नमूद करून वन विभागाच्या उद्यान कार्यालयाकडे आगाऊ लेखी अर्ज करावा. परवानगी नाकारली गेल्यास सहल रद्द करण्याची तयारी नियोजनातच असावी व त्या दिवसाचा सराव कृत्रिम भिंतीवर करावा.

४. ऋतू व वेळ

जून ते सप्टेंबर या काळात पाऊस व शेवाळामुळे खडक निसरडा असतो. एप्रिल-मे महिन्यांत उष्मा व दमट हवेमुळे तळव्यांना घाम सुटतो आणि पकड सुटते. डिसेंबर ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ त्यामानाने सर्वांत अनुकूल होय. सोमवारी उद्यान बंद असते. प्रवेशद्वारापासून कान्हेरी सुमारे सहा-सात किलोमीटर आत आहे, हे अंतर वेळापत्रकात धरावे.

२०१५ मधील कॅमेरा-सापळा पाहणीत या उद्यानात व लगतच्या परिसरात ३५ बिबट्यांची नोंद झाली. बिबट्याचा वावर मुख्यतः रात्री व संधिकाळी असतो. त्यामुळे दुपारी चारच्या सुमारास आवराआवर सुरू करून उजेडात बाहेर पडावे. कातळाच्या छज्जाखाली आग्या मोहोळ असते. गादी टाकण्यापूर्वी वर नजर टाकावी आणि धूर, आरडाओरडा व उग्र सुगंधी द्रव्ये टाळावीत. माकडांमुळे खाद्यपदार्थ बंद डब्यांतच ठेवावेत.

५. पडण्याचे नियोजन

बोल्डरिंगमध्ये दोर नसल्यामुळे प्रत्येक पडणे हे जमिनीवरचे पडणे असते. कृत्रिम भिंतीखाली गादी सर्वत्र पसरलेली असते. उद्यानात मात्र क्रॅश पॅड नावाची घडीची जाड गादी आपणच वाहून न्यावी लागते आणि तिच्या कडेबाहेर दगड व मुळे असतात. म्हणून आरोहणापूर्वी तीन गोष्टी निश्चित कराव्यात : पडल्यास शरीर कोठे येईल, गादी कोठे असावी आणि शिळेच्या माथ्यावरून उतरण्याची वाट कोणती. खाली उभ्या असलेल्या साथीदाराने पडणाऱ्यास झेलावयाचे नसते. त्याचे डोके व मान सांभाळून त्याला गादीकडे वळवावयाचे असते. चढाईची श्रेणी ही अवघडपणा दर्शविते, धोका नव्हे. सोप्या श्रेणीच्या परंतु उंच शिळेवरून पडल्यास गंभीर इजा होऊ शकते. चार ते सहा जणांचा गट, दोन-तीन गाद्या, प्रथमोपचार पेटी व प्रत्येकी किमान तीन लिटर पाणी ही व्यवस्था पुरेशी ठरते. हाताला लावलेल्या मॅग्नेशियम कार्बोनेटच्या पुडीचे पांढरे डाग निघण्यापूर्वी मऊ ब्रशने पुसावेत. तारेचा ब्रश कदापि वापरू नये.

६. एक तुलनात्मक उदाहरण

अमेरिकेतील एल पासो शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवर हुएको टँक्स हे टेक्सास राज्याचे उद्यान आहे. खडकातील नैसर्गिक पोकळ्यांत साठणाऱ्या पावसाच्या पाण्यामुळे तेथे प्राचीन काळापासून माणसे येत राहिली आणि त्यांनी कातळावर चित्रे रंगविली. याच शिळा पुढे बोल्डरिंगसाठी जगभर ख्यातनाम झाल्या. आज प्रचलित असलेली 'व्ही' श्रेणी जॉन शर्मन यांच्या १९९१ च्या तेथील मार्गदर्शिकेतून प्रसृत झाली. आरोहकांची संख्या वाढल्यावर चित्रांना धोका निर्माण झाला, तेव्हा १९९८ मध्ये प्रवेशावर नियंत्रण आणले गेले. एका डोंगरावर मार्गदर्शकाविना एका वेळी सत्तर व्यक्तींनाच प्रवेश मिळतो, उर्वरित भागांत मार्गदर्शकासहच जाता येते आणि चित्रांच्या जागी आरोहणास मनाई आहे. तेथे आरोहण बंद झाले नाही. ते मर्यादित व नियमबद्ध झाले. कान्हेरीतही पाणी, वसती व कोरीव वारसा यांचा असाच संबंध असल्याने हे उदाहरण उद्बोधक ठरते.

निष्कर्ष

शिळेची पारख, पुरातत्त्वीय मर्यादा, लेखी परवानगी, अनुकूल वेळ व पडण्याची पूर्वतयारी या पाच अंगांवर अशा सहलीचे यश अवलंबून आहे. हुएको टँक्स येथे हानी दिसू लागल्यानंतर नियम आले. मुंबईतील गिर्यारोहण संस्था व महाविद्यालयीन मंडळे यांनी वन विभाग व पुरातत्त्व सर्वेक्षण यांच्या सहकार्याने वर्ज्य शिळांची यादी आधीच निश्चित केल्यास ती हानी येथे टाळता येईल. सहलीला निघणाऱ्या प्रत्येक गटाने आपल्या नकाशावर प्रथम या वर्ज्य जागांची नोंद करावी व त्यानंतरच चढाईचे मार्ग निवडावेत.