कोरीव लेखांच्या जुन्या निगेटिव्ह आणि स्कॅनरची पारख

प्राचीन मराठीच्या अभ्यासकाच्या दृष्टीने अनुस्वार ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. ‘ब्राह्मणा’ आणि ‘ब्राह्मणां’ या दोन रूपांत केवळ एका टिंबाचा फरक आहे. परंतु पहिले रूप एकवचनाचे व दुसरे अनेकवचनाचे असल्यामुळे दान एकास दिले की अनेकांस, याचा निर्णय त्या टिंबावरच अवलंबून राहतो. तृतीयेच्या ‘देवें’सारख्या रूपातील टिंब गळाले तर कर्ता कोण हेच संदिग्ध होते. आता आपल्या भागातील बहुतेक कोरीव लेख ज्या काळ्या पाषाणावर आहेत, तो लाव्ह्यापासून बनलेला असून त्यात वायूच्या बुडबुड्यांमुळे झालेले लहान लहान खळगे असतात. असा एखादा खळगा नेमका अक्षराच्या डोक्यावर आला, की वाचकापुढे प्रश्न उभा राहतो: हे टिंब छिन्नीचे की निसर्गाचे?

प्रत्यक्ष शिळेपुढे बसून हा प्रश्न पुष्कळदा सोडविता येतो. बोट फिरवावे, दिवा तिरपा धरावा, ठसा घ्यावा. परंतु शिळाच राहिली नसेल, किंवा तिच्यावर तैलरंगाचे थर चढले असतील, तर काय करावे? धाराशिव जिल्ह्यात हा प्रश्न कल्पित नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्याच्या उमरगा भागातील आणि शेजारच्या लातूर जिल्ह्यातील अनेक गावे जमीनदोस्त झाली व पुढे नव्या जागी वसविली गेली. जुन्या गावठाणांतील पार, वेशी, वीरगळ यांची भूकंपापूर्वीची छायाचित्रे जेथे असतील तेथे ती आज प्राथमिक साधनाच्या मोलाची आहेत. जेथे शिळा उभी आहे तेथेही शेंदूर, चुना आणि अलीकडे चकचकीत रंग यांनी अक्षरे बुजलेली आढळतात. भक्तांच्या श्रद्धेला दोष देण्यात अर्थ नाही. पण वाचकाची अडचण होते हे खरे.

प्रस्तुत लेखाचे निमित्त अशाच एका पेटीचे आहे. जिल्ह्यातील एका दिवंगत शिक्षकांच्या घरच्यांनी आमच्याकडे पत्र्याची एक पेटी अभ्यासासाठी दिली. तीत १२० क्रमांकाच्या फिल्मवरील सहा सेंटिमीटर चौरस आकाराच्या काही निगेटिव्ह, थोड्या चार गुणिले पाच इंचांच्या सुट्या फिल्म आणि अर्ध्या प्लेटच्या आकाराच्या काही काचा होत्या. काही पाकिटांवर उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या ‘इंदू’ या फिल्मचे नाव होते. छायाचित्रे बहुतांशी वीरगळांची व दानलेखांच्या शिळांची. त्यांपैकी एका शिळेवरील अक्षरे आज रंगाखाली आहेत. आणि नेमक्या तिच्याच लेखात वर सांगितलेल्या जातीचे एक टिंब आहे.

प्रथम आम्ही ज्या मार्गाने गेलो तो चुकीचा होता, हे येथे नमूद केलेले बरे. वेळ वाचावा म्हणून निगेटिव्ह एका दुकानात दिल्या. परत आलेली चित्रे दिसावयास स्वच्छ होती, किंबहुना फारच स्वच्छ होती. प्रति इंच ६०० बिंदू एवढ्याच सूक्ष्मतेने ती घेतलेली असून, वर संगणकाकडून अक्षरांच्या कडा ‘तीक्ष्ण’ करून घेतल्या होत्या. अशा तीक्ष्णीकरणाने प्रत्येक कडेभोवती एक फिकी व एक गडद रेघ कृत्रिमपणे उमटते. परिणाम असा झाला, की शिळेवरील प्रत्येक खळगा छिन्नीने घडविल्यासारखा दिसू लागला आणि दानलेखात अनुस्वारांचा सुकाळ झाला!

येथे थोडे गणित करणे इष्ट आहे. सहा सेंटिमीटरच्या म्हटल्या जाणाऱ्या चौकटीची वास्तविक बाजू सुमारे ५६ मिलिमीटर असते. त्या चौकटीत सुमारे १८० सेंटिमीटर उंचीची शिळा बसविली, तर चित्र मूळ वस्तूच्या बत्तिसाव्या हिश्श्याएवढे होते. शिळेवरील चार मिलिमीटर व्यासाचे टिंब निगेटिव्हवर जेमतेम ०.१२ मिलिमीटर भरते. प्रति इंच ६०० बिंदूंच्या प्रतीत त्याला तीन बिंदू मिळतात. तीन बिंदूंत टिंब आहे एवढे कळेल, त्याची जात कळणार नाही. २३०० बिंदूंच्या प्रतीत ते अकरा बिंदूंचे होते आणि ४००० च्या प्रतीत एकोणीसवीस बिंदूंचे. खळग्याची कड गुळगुळीत व बहुधा लंबगोल असते, छिन्नीच्या टिंबाची कड उतरती व तुटक असते. हा भेद दिसावयाचा तर कडेलाच दोनतीन बिंदू मिळाले पाहिजेत. म्हणजे आपणांस खरी विभेदनक्षमता निदान दोन हजारांच्या पुढे हवी.

‘खरी’ हा शब्द मुद्दाम योजला आहे. स्कॅनरच्या खोक्यावर छापलेली संख्या आणि त्याच्या भिंगाची करामत यांत फार अंतर असते. घरगुती व ग्रंथालयीन वापरात सर्वाधिक आढळणारे यंत्र म्हणजे सपाट काचेचा स्कॅनर. त्यांत एप्सनचे परफेक्शन व्ही-७०० (२००६) आणि त्याच्या जागी २०१४ मध्ये आलेले व्ही-८०० व व्ही-८५० हे नमुने विशेष परिचित आहेत. त्यांच्यावर प्रति इंच ६४०० बिंदूंचा दावा असतो. परंतु बारीक होत जाणाऱ्या रेघांची प्रमाणित चाचणीपट्टी ठेवून पाहिले, तर या यंत्रांत एका मिलिमीटरमध्ये सुमारे ४५ रेघजोड्याच वेगळ्या ओळखू येतात, म्हणजे हिशेबाने सुमारे २३०० बिंदू. उरलेले बिंदू संगणकाची जागा अडवितात. नवी माहिती आणीत नाहीत. एखाद्या वक्त्याने एकच वाक्य तीनदा उच्चारल्याने त्यातील अर्थ तिप्पट होत नाही, तसेच हे आहे.

तथापि २३०० हा आकडा तुच्छ मानण्याचे कारण नाही. चार गुणिले पाच इंचांच्या फिल्मवर प्रतिमेचे क्षेत्र सुमारे ९५ गुणिले १२० मिलिमीटर असते. त्यातून २३०० च्या हिशेबाने नऊ कोटींहून अधिक बिंदू मिळतात. शिवाय मोठ्या आकाराच्या कॅमेऱ्याने काम करणारा छायाचित्रकार भिंगाचे छिद्र बहुधा एफ-२२ किंवा एफ-३२ इतके बारीक करतो, आणि तेथे प्रकाशाच्या विवर्तनामुळे भिंगाचीच मर्यादा मिलिमीटरला अनुक्रमे सुमारे सत्तर व पन्नास रेघजोड्यांवर येते. प्रत्यक्षात कॅमेऱ्याचा कंप, लेपाचे कण यांमुळे ती आणखी घटते. तेव्हा मोठ्या फिल्मसाठी सपाट स्कॅनर बहुतेक सर्व माहिती टिपतो असे म्हणावयास हरकत नाही. अडचण येते ती मध्यम आकाराच्या फिल्मची. तेथे क्षेत्र लहान, कॅमेरा पुष्कळदा हातात धरलेला, आणि हवे असलेले टिंब ०.१२ मिलिमीटरचे.

मध्यम आकारासाठी स्वतंत्र फिल्म स्कॅनर निघाले, त्यांत निकॉनच्या सुपर कूलस्कॅन ९००० चे नाव आजही आदराने घेतले जाते. सहा गुणिले नऊ सेंटिमीटरपर्यंतची फिल्म तो घेतो आणि त्याचा ४००० बिंदूंचा दावा बहुतांशी खरा ठरतो. परंतु त्याचे उत्पादन बंद होऊन पुष्कळ वर्षे लोटली. तो जुन्या फायरवायर जोडणीवर चालतो व आजच्या संगणकास त्याची भाषा कळावी म्हणून दुभाषी आज्ञावली घ्यावी लागते. फिल्म वाकडी झाली असल्यास काचेची चौकट आवश्यक ठरते, अन्यथा मधला भाग स्पष्ट व कडा अस्पष्ट अशी प्रत निघते. प्लसटेकचा ऑप्टिकफिल्म १२० हा याच वर्गातील पुढचा प्रयत्न होय. हे दोन्ही स्कॅनर मोठ्या फिल्मला स्पर्शही करू शकत नाहीत.

याहून वरच्या पायरीवर इमाकॉनचे, व पुढे हॅसलब्लाडच्या नावाने निघालेले, फ्लेक्सटाइट स्कॅनर होते; २०१९ मध्ये तेही बंद झाले. यात फिल्म काचेवर न ठेवता कमानीसारखी वाकवून धरतात, त्यामुळे मध्ये काच येत नाही व फिल्म ताठ राहते. एक्स-५ या नमुन्याची कमाल सूक्ष्मता ३५ मिलिमीटर फिल्मसाठी ८०००, १२० फिल्मसाठी ३२०० आणि चार गुणिले पाच इंचांसाठी २०४० बिंदू अशी उतरत जाते. फिल्म जितकी रुंद तितके भिंग मागे सरकते व तेच संवेदक अधिक रुंदीवर पसरले जातात. छापील जाहिरातीत मात्र ८००० हाच आकडा ठळक असे. मोठ्या फिल्मच्या बाबतीत हे बहुमोल यंत्र केवळ आकड्याने सपाट स्कॅनरच्या फार पुढे जात नाही. त्याची श्रेष्ठता गडद भागांतील स्वच्छतेत आहे.

ढोल स्कॅनर हा या सर्वांचा वडील. ॲक्रिलिकच्या नळकांड्यावर फिल्म द्रवाच्या पातळ थरात चिकटवून ते वेगाने फिरवितात आणि प्रकाशगुणक नलिका एकेक बिंदू वाचीत जाते. एका वेळी एकच बिंदू वाचला जात असल्यामुळे शेजारचा उजेड त्यात मिसळत नाही. जगभर मुद्रणाच्या धंद्यासाठी ही यंत्रे बनली आणि तो धंदा संगणकावर गेल्यावर अडगळीत पडली. गुणांत ती अजून अजिंक्य आहेत. परंतु आमच्या पेटीतील काचा नळकांड्याभोवती गुंडाळता येत नाहीत! फ्लेक्सटाइटमध्येही काच वाकत नाही. म्हणजे काचेच्या प्लेटसाठी सर्वांत महाग दोन यंत्रे आपोआप बाद होतात आणि सर्वांत सामान्य यंत्र शिल्लक राहते. जेम्स बर्जेस यांनी १८७५-७६ च्या हंगामात धाराशिवची लेणी पाहिली आणि हेन्री कझिन्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तेरच्या अवशेषांवर लिहिले. त्या पिढीचे छायाचित्रण काचेवरच होत असे, म्हणून हा मुद्दा केवळ आमच्या पेटीपुरता नाही.

काच सपाट स्कॅनरवर लेपाची बाजू खाली करून ठेवावी. व्ही-७०० व त्यानंतरच्या यंत्रांत दोन भिंगे आहेत: एक चौकटीत उचलून धरलेल्या फिल्मसाठी, दुसरे थेट काचेवर ठेवलेल्या मोठ्या वस्तूसाठी. प्लेटसाठी दुसरेच निवडले पाहिजे. चित्र आरशातल्यासारखे उलटे येते. ते पुढे सुलट करणे सोपे आहे, परंतु तसे केल्याची नोंद ठेवावी, नाहीतर पुढचा कोणी ते पुन्हा उलटे करील. फिल्मच्या चौकटीची उंचीही प्रयोगाने ठरवावी लागते. अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने प्रत मऊ होते, आणि कारखान्यातील मांडणी प्रत्येक यंत्रात अचूक असतेच असे नाही. एकाच निगेटिव्हच्या वेगवेगळ्या उंचीवर चार प्रती घेऊन उत्तम ती उंची कायम करावी. एका दुपारचे काम आहे.

घनतेविषयी थोडेच सांगतो. प्रकाशीय घनता ३ म्हणजे एक हजारांश प्रकाश पार होतो, ४ म्हणजे दहा हजारांश. उत्पादक या आकड्याचा मोठा डांगोरा पिटतात. पारदर्शिकांच्या बाबतीत तो महत्त्वाचा आहे. साधारण कृष्णधवल निगेटिव्हची घनता क्वचितच अडीचच्या पुढे जाते, म्हणून आमच्या कामात या आकड्यासाठी अधिक पैसे मोजण्याचे प्रयोजन नाही.

याउलट एका सोयीपासून मात्र सावध राहावे. रंगीत फिल्मवरील धूळ अवरक्त किरणांनी हुडकून आपोआप पुसून टाकण्याची एक युक्ती अनेक स्कॅनरांत असते. रंगीत फिल्ममधील रंगद्रव्य अवरक्त किरणांना पारदर्शक असते, धूळ नसते. या तत्त्वावर ती चालते. पण कृष्णधवल फिल्ममधील चांदी अवरक्त किरणांनाही अडविते. परिणामी यंत्राला चित्रच धूळ वाटते आणि ते ‘स्वच्छ’ करू लागते. टिंबाच्या शोधात निघालेल्या अभ्यासकाला याहून मोठा घात संभवत नाही. धूळ ब्रशाने काढावी आणि उरलेली तशीच राहू द्यावी. धुळीचा कण व टिंब यांचा भेद त्याच शिळेच्या दुसऱ्या निगेटिव्हवरून करता येतो.

आता अलीकडे रूढ झालेली पद्धत: स्कॅनर बाजूस ठेवून डिजिटल कॅमेऱ्यानेच निगेटिव्हचे छायाचित्र घेणे. ३६ गुणिले २४ मिलिमीटर संवेदकाच्या, २ कोटी ४० लाख बिंदूंच्या कॅमेऱ्यास समप्रमाण दाखविणारे मॅक्रो भिंग लावले, तर ६००० बिंदू ३६ मिलिमीटरवर पसरतात, म्हणजे प्रति इंच सुमारे ४२०० बिंदू. सहा सेंटिमीटरची चौकट तीन ओळींत दोनदोन अशा सहा तुकड्यांत घेऊन संगणकावर जोडता येते. कॅमेरा आणि प्रकाशमंच समांतर आहेत की नाहीत हे आरसा ठेवून तपासावे: भिंगाचे प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यभागी दिसले पाहिजे. काचेच्या प्लेटनाही ही पद्धत चालते. यात श्रम अधिक, यंत्रसामग्री मात्र बहुधा कोणत्याही विभागात किंवा एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी सापडण्यासारखी.

आम्ही शेवटी काचा व मोठ्या फिल्म सपाट स्कॅनरवर, आणि मध्यम फिल्म कॅमेऱ्याने, अशी वाटणी केली. सर्व प्रती सोळा बिटांच्या टिफ स्वरूपात, कोणतेही तीक्ष्णीकरण न करता जतन केल्या. जेपेग प्रत दाखविण्यापुरती. तिच्यातील चौकोनी दाबामुळे कडांभोवती पुन्हा खोटी कुजबूज उमटते.

वाचनाच्या इतिहासात अशा बाबींवर किती अवलंबून असते याचे उदाहरण सर्वपरिचित आहे. रायगड जिल्ह्यातील आक्षी येथील लेखाचा शक काही विद्वानांनी ९३४ वाचला, काहींनी ११३२. मराठीच्या आद्य लेखाचा मान त्यानुसार बदलतो. शं. गो. तुळपुळे यांच्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ या १९६३ च्या ग्रंथातील वाचने आपण सर्वजण वापरतो. परंतु छापील चित्र हे जाळीच्या ठिपक्यांनी बनलेले असते, आणि त्या ठिपक्यांत अनुस्वार शोधणे व्यर्थ होय. त्यासाठी निगेटिव्हच हवी.

आमच्या दानलेखातील टिंबापुरते बोलावयाचे, तर कॅमेऱ्याच्या प्रतीत त्याची वरची कड गुळगुळीत आणि खालची तुटक दिसते. दोन निगेटिव्ह सकाळच्या उजेडातील आहेत, एक संध्याकाळच्या. संध्याकाळच्या प्रतीत सावली उलट बाजूस पडूनही खालची कड तुटकच राहते. माझ्या मते हा मूळचा खळगा असून कोरणाऱ्याने तोच थोडा खोल करून अनुस्वार म्हणून वापरला. माझे सहकारी हे मान्य करीत नाहीत. दान एकास मिळाले असेच ते म्हणतात. तिन्ही प्रती विभागात पाहावयास ठेवल्या आहेत.