लंडनची शिळा, पॅरिसची समाधि
इंग्लंड-फ्रान्सच्या सहलींत आम्हां उभयतांचे राजवाडे पुष्कळ पाहून झाले. मन रमलें तें मात्र ब्रिटिश म्यूझियममधील रोझेट्टाच्या काळसर शिळेपाशीं. १७९९ सालीं ती फ्रेंच सैनिकांस ईजिप्तमध्यें सांपडली. १८०१ सालीं त्यांचा पराभव करून इंग्रजांनीं ती घेतली. एकच मजकूर तीन लिपींत कोरलेला. पैकीं ग्रीक तेवढा वाचतां येई. त्याच्या आधारें १८२२ सालीं चित्रलिपीचें कोडें उलगडलें तें शांपोलियों ह्या फ्रेंच पंडितानें. दगड इंग्रजांकडे, अर्थ फ्रेंचांकडे! “आणि ज्यांचा दगड, त्यांच्याकडे काय?” सौभाग्यवतीनें विचारलें. व्याकरणांत ह्यास उत्तर नाहीं.

पुढें, १९९४ सालीं खुल्या झालेल्या समुद्राखालील बोगद्यांतून आगगाडीनें पॅरिस गांठलें. तेथें पेर-लाशेझ स्मशानभूमींत ह्या पंडिताच्या समाधीवर ईजिप्ती धर्तीचा स्तंभ आहे. सौभाग्यवतीनें त्यापाशीं एक फूल ठेविलें. शिळेचा प्रश्न मात्र तिनें सोडिला नाहीं.