हजेरीवर शिजणारा भात (लेखांक ४)

शालेय पोषण आहाराचा दिवस हजेरीपटावर सुरू होतो. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक हजर मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असे प्रमाण ठरलेले आहे. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, ही अपेक्षा. म्हणजे ऐंशी मुले आली तर आठ किलो तांदूळ आणि चार किलो भाजी. हजेरीचा आकडा चुकला की एकतर अन्न उरते किंवा शेवटच्या पंगतीला कमी पडते, आणि महिनाअखेरीस गोणीतला तांदूळ साठा नोंदवहीशी जुळत नाही.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राची योजना सुरू झाली तेव्हा एवढा व्याप नव्हता. बहुतेक राज्ये महिन्याला तीन किलो कोरडे धान्य देत, तेही ऐंशी टक्के हजेरी भरली तर. घरी गेलेले धान्य साहजिकच साऱ्या कुटुंबाच्या हंडीत पडे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलेच अन्न देण्याचा आदेश दिला आणि चूल, भांडी, पाणी, स्वयंपाकी यांची जुळवाजुळव शाळेच्या गळ्यात आली.

ती अवघड, कारण एकाच ताटातले जिन्नस वेगवेगळ्या वाटांनी येतात. तांदूळ केंद्राचा, भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामातून. डाळी, तेल, मीठ-मसाला हा ‘धान्यादी माल’ नेमलेला पुरवठादार शाळेत पोचवतो. भाजी आणि इंधन मात्र गावातच घ्यायचे, पैसे मागाहून. खरी अडचण इथेच आहे. तांदूळ महिनाभर टिकतो, मेथीची जुडी टिकत नाही. अनुदान लांबले की मुख्याध्यापक किंवा बचत गटातल्या महिला उधारीवर भागवतात. लहान शाळेला हे अधिक जाचते: पैसे डोईमागे मिळतात, पण बारा मुलांच्या पातेल्याला लागणारा गॅस तीस मुलांच्या पातेल्यापेक्षा फारसा कमी नसतो. शहरांत मध्यवर्ती स्वयंपाकगृहातून अन्न गाडीने येते. तिथे शाळेची इंधनाची चिंता मिटते, खिचडी गार होण्याची सुरू होते.

स्वयंपाकी-मदतनिसांची संख्याही पटावरच ठरते. २५ मुलांपर्यंत एक, १०० पर्यंत दोन, पुढे दर शंभरापर्यंत आणखी एक.

वाढण्यापूर्वी किमान एका शिक्षकासह मोठ्या माणसांनी अन्न चाखायचे आणि चव नोंदवहीत तशी नोंद करायची. हा सोपस्कार नव्हे. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळलेल्या शालेय जेवणाने २३ मुले दगावली.

अन्न शिजलेच नाही तर काय, याचे उत्तर २०१५ च्या नियमांत आहे. धान्य, निधी, इंधन किंवा स्वयंपाकी नसल्यामुळे जेवण चुकले, तर मुलाला अन्न सुरक्षा भत्ता पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत द्यावा लागतो. सलग तीन शालेय दिवस किंवा महिन्यात पाच दिवस खंड पडला, तर राज्य शासनाने जबाबदारी निश्चित करायची असते.