मालवाहतुकीची सूत्रे एका हाती
वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतील एखादा कारखाना वाढू लागला, की त्याच्या वाहतुकीला फाटे फुटतात. खरेदी विभाग कच्च्या मालासाठी एक ट्रक ठरवतो, विक्री विभाग तयार मालासाठी दुसरा. परिणामी बेळगावहून भरून आलेला ट्रक रिकामा परततो आणि त्याच दिवशी दुसरा अर्ध्या भाराने बेळगावला निघतो. भाडे मात्र दोन्हींचे पूर्ण पडते.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होण्यापूर्वी, केंद्रीय विक्रीकर वाचवण्यासाठी अनेक कंपन्या राज्याराज्यांत गोदामे ठेवीत. ते कारण आता उरले नाही. त्यामुळे नियोजन एकाच कक्षाकडे सोपवणे सुकर झाले आहे. सर्व मागण्या तेथे आल्या, की एका दिशेचा माल एकत्र भरता येतो आणि परतीची फेरीही उपयोगी पडते. ई-वे बिलाची मुदत साधारणतः २०० किलोमीटरला एक दिवस असते. वाटेत ट्रक अडल्यास ती वाढवून घेण्याची जबाबदारीही निश्चित होते.

मात्र चोर्ला घाटात दरड कोसळल्याचे प्रथम कळते ते चालकाला. निर्णय एका ठिकाणी व्हावेत; कान मात्र रस्त्याकडे असावेत. दोन-चार ट्रकांच्या स्थानिक मालकालाही मोठ्या कंत्राटात वाटा राहावा. अडचणीच्या वेळी जवळचा ट्रक त्याचाच असतो.